पावसात येणारी, दिवाळीला जाणारी थरथर: फोर-बाय-फोर पिकअपच्या पुढच्या शाफ्टचा माग

माझ्या पिकअपला तीन वर्षं एक दुखणं होतं. जून लागला की गाडी सत्तरच्या पुढे थरथरायला लागायची आणि दिवाळीच्या आसपास बरी व्हायची. मधल्या काळात मी दर वर्षी काही ना काही काम करून घ्यायचो, पैसे मोजायचो आणि गाडी सुधारली की श्रेय त्या कामाला द्यायचो. पुढच्या जूनमध्ये दुखणं परत हजर.

आधी गाडीची ओळख, कारण पुढचं सगळं तिच्या रचनेवर अवलंबून आहे. जुनी डिझेल पिकअप, पार्ट-टाइम फोर-व्हील, म्हणजे एरवी ताकद फक्त मागच्या चाकांना, लिव्हर टाकला की पुढच्यांनाही. पुढे सलग अ‍ॅक्सल, अ‍ॅक्सलच्या खाली पाटे, पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे लॉकिंग हब (चाक आतल्या शाफ्टला जोडणारे किंवा त्यापासून सोडवणारे), टायर २३५/७५ आर १५, डिफरन्शियलचा रेशो ४.८८. राजापूर तालुक्यात आमची कलमं आहेत. घरापासून डांबरापर्यंत दीड किलोमीटर जांभ्याची पाणंद, मध्ये एक पऱ्या, म्हणजे ओहोळ. पावसात टू-व्हीलवर ती चढण चढायची म्हणजे जागेवर चिखल उडवत बसणं. म्हणून मृग लागला की मी दोन्ही हब ‘लॉक’ला टाकतो आणि पुढचे चार-पाच महिने त्यांना हात लावत नाही. दिवाळीला पाणंद वाळली की परत ‘फ्री’.

वाचणाऱ्यांपैकी काहींच्या लक्षात एव्हाना आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मी टायरवाल्याकडे गेलो. चाक काढल्यावर रिमच्या आतल्या अंगाला लाल मातीची ढेकळं वाळून दगडासारखी बसलेली दिसली, मुठीएवढी एक तरी होतीच. ती खरवडली, चारही चाकं बॅलन्स केली, स्टिअरिंगचा हादरा गेला. पायाखालची थरथर थोडी राहिली, पण तेवढं चालतं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी मिस्त्रींनी गाडीखाली शिरून पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) हाताने हलवला. खालच्या जॉइंटला स्पष्ट प्ले होता. दोन्ही टोकांच्या जॉइंटमधले क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखे तुकडे) बदलले. “आता बघा शेट, लोणी,” म्हणाले. लोणी कुठलं, सत्तरला येणारी थरथर आता पंचावन्नलाच यायला लागली. “नवीन क्रॉस आहेत, बसतील जागेवर.” दिवाळी आली, बसले. तिसऱ्या वर्षी जुलैत इंजिनाची फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती, बदलली. रबरं खरंच फुगलेली होती, बदलल्याचं दुःख नाही, पण थरथरीला ढिम्म फरक नाही.

गणपतीत भाचा आला होता, चौदा वर्षांचा, हाताला चैन नाही. अंगणात गाडी धुता धुता त्याने दोन्ही हबच्या चकत्या फिरवून बघितल्या आणि ‘फ्री’वर सोडून दिल्या. दुसऱ्या दिवशी पाणंद उताराची असल्याने मला काही कळलं नाही. ओणी ओलांडून लांज्याकडे निघालो, काटा पंच्याऐंशीवर, आणि गाडी गप्प. आरशात मागचा ट्रक स्वच्छ दिसतोय, नेहमीसारखा दुहेरी नाही. मी रेडिओ बंद केला, खिडकी खाली घेतली, तरी गप्प. लांज्यात उतरून चाकाकडे बघितलं तेव्हा कारण दिसलं. हब परत लॉक केले, महामार्गावर आलो, पंचावन्नला थरथर हजर. तीन वर्षांचं निदान दोन चकत्या फिरवून झालं.

हब लॉक असताना नेमकं काय फिरतं

पार्ट-टाइम गाडीत लिव्हर टू-हायला (साध्या टू-व्हीलला) असला की इंजिनाची ताकद फक्त मागे जाते. पण हब लॉक असतील तर पुढची चाकंच उलट दिशेने आतला सगळा पसारा फिरवतात: दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट, क्राउन-पिनियन, पुढचा प्रोपेलर शाफ्ट आणि ट्रान्सफर केसचं (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या डब्याचं) पुढचं आऊटपुट. कामाला कोणी नाही, पण सगळे पळतायत. हब फ्री केले की चाक आपल्या बेअरिंगवर एकटं फिरतं आणि बाकी सगळं जवळजवळ थांबतं.

त्यामुळे पहिली तपासणी फुकटची आहे. टू-हायमध्ये हब लॉक करून एकदा आणि फ्री करून एकदा, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवा. दोन्हीत थरथर असेल तर टायर, रिम, हब बेअरिंग, मागचा शाफ्ट किंवा इंजिन बघा, पुढचा शाफ्ट सोडा. लॉकमध्येच येत असेल तर हबपासून ट्रान्सफर केसपर्यंत कुठेतरी आहे. हब फिरवताना दोन्ही बाजू फिरवा. एक लॉक, एक फ्री ठेवलंत तर डिफरन्शियल मोकळ्या बाजूचा शाफ्ट उलटा फिरवत बसेल, प्रोपेलर धड फिरणार नाही आणि तपासणीला अर्थ राहणार नाही.

त्याच फेरीत दुसरी गोष्ट बघून घ्या. सपाट, सरळ, रिकामा रस्ता असेल तिथे थरथरीच्या वेगाला क्लच दाबून न्यूट्रल करा. (घाटात उतारावर हे करू नका, कृपा करून.) इंजिन आयडलला आलं तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन, क्लच, फाउंडेशन यांना सोडा. माझी तशीच राहत होती. हे मी जुलैत केलं असतं तर फाउंडेशनचे पैसे त्या वर्षी तरी वाचले असते. आणि फक्त ब्रेक लावतानाच स्टिअरिंग थरथरत असेल तर ब्रेकच्या डिस्क बघा, हा लेख तुमच्यासाठी नाही.

थरथर मोजता येते

मिस्त्री लोक कानाने ओळखतात, आणि चांगला कान असेल तर बरोबर ओळखतात. आपल्याला तो कान नसतो, पण गुणाकार येतो.

२३५/७५ आर १५ टायरचा परीघ सुमारे २.३ मीटर. सत्तरच्या वेगाला गाडी सेकंदाला १९.४ मीटर जाते, म्हणजे चाकाच्या सेकंदाला साधारण ८.४ फेऱ्या. शाफ्ट त्याच्या ४.८८ पट फिरतो, म्हणजे ४१ फेऱ्या. आता थरथर कुठल्या आकड्याशी जुळते ते बघायचं. सेकंदाला आठ म्हणजे चाक: टायर, रिम, माती. एक्केचाळीस म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एक धक्का: शाफ्ट वाकडा, तोल गेलेला किंवा फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीवर) मध्यात नीट न बसलेला. ब्याऐंशी म्हणजे प्रत्येक फेरीला दोन धक्के, आणि फेरीला दोन धक्के देणारी वस्तू गाडीच्या पोटाखाली एकच आहे, ती म्हणजे क्रॉस जॉइंट.

हे आकडे अंगालाही वेगवेगळे लागतात. सेकंदाला आठचा हादरा सुटा सुटा जाणवतो, स्टिअरिंग हातात डावं-उजवं होतं. चाळीसच्या थरथरीने तळपायाला मुंग्या येतात आणि फोर-व्हीलचा छोटा लिव्हर हाताला झिणझिणतो. ऐंशीच्या पुढची थरथर अंगाला कमी आणि कानाला जास्त लागते, केबिन रिकाम्या पिंपासारखी घुमते. माझी घुमत होती. तीन वर्षं घुमत होती आणि मी चाकं बॅलन्स करत होतो.

फोनमध्ये कंपनं मोजणारी अ‍ॅप मिळतात, ती वापरा. फोन सीटवर नको, सीटचा स्पंज सगळं खातो. लिव्हरच्या शेजारी पत्र्यावर दुहेरी टेपने घट्ट चिकटवा. एक खबरदारी मात्र घ्या: अ‍ॅप सेकंदाला किती नमुने घेतं ते सेटिंगमध्ये बघा. शंभर घेत असेल तर पन्नासच्या वरची थरथर ते खरी दाखवूच शकत नाही, उलट तिला खालच्या भलत्याच आकड्यावर दाखवेल. माझ्या फोनवर चारशे नमुने घेता येत होते आणि सत्तरच्या वेगाला ब्याऐंशीजवळ उंच सुळका आला. एक्केचाळीसला जेमतेम टेकाड. म्हणजे शाफ्टचा तोल ठीक होता आणि दोष जॉइंटमध्ये किंवा त्यांच्या मांडणीत होता.

शाफ्ट उतरवून बघणं

आकडे काही म्हणोत, मी शाफ्ट उतरवून खात्री करतो. पुढचा शाफ्ट काढून हब लॉक ठेवून टू-हायमध्ये चालवायचं. थरथर गेली तर दोष शाफ्टमध्ये, त्याच्या जॉइंटमध्ये, कोनात किंवा ट्रान्सफर केसच्या पुढच्या आऊटपुट बेअरिंगमध्ये. राहिली तर डिफरन्शियल आणि अ‍ॅक्सल शाफ्टकडे वळा.

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि नुसत्या जॅकवर कधीच नाही, खाली घोड्या (जॅक स्टँड) लावा. उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि शाफ्टच्या सरकत्या जोडावर (जिथे शाफ्टचे दोन भाग दातांनी एकमेकांत सरकतात) रंगाने खुणा करा. सरळ एक रेघ जोडाच्या दोन्ही भागांवरून. या रेघेचं महत्त्व पुढे सांगतो. शाफ्ट उतरताना एक टोक लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा, नाहीतर दुसऱ्या टोकाच्या क्रॉसवरचे कप सुटून त्यातल्या बेअरिंगच्या सुया धुळीत सांडतात. काही गाड्यांत शाफ्टचं टोक थेट ट्रान्सफर केसमध्ये शिरतं, तिथे काढला की तेल वाहतं, तशी चालवू नका. कायम फोर-व्हील असलेल्या, मध्ये डिफरन्शियल असलेल्या गाडीत पुढचा शाफ्ट काढला तर मधलं डिफ लॉक केल्याशिवाय गाडी जागची हलणारही नाही. आणि शाफ्ट नसताना फोर-हायला लिव्हर टाकू नका.

माझी थरथर गेली. आऊटपुट फ्लँज हाताने वर-खाली ढकलून बघितला, प्ले नाही. तेलाचा सील कोरडा. राहिला शाफ्ट.

दातांची चूक

शाफ्ट बाकड्यावर आडवा ठेवला आणि दोन्ही टोकांचे योक बघितले. योक म्हणजे क्रॉस धरणारा तुकडा, त्याला दोन कान असतात. एका टोकाचे कान आडवे असतील तर दुसऱ्या टोकाचेही अगदी त्याच रेषेत आडवे हवेत. माझ्या शाफ्टचे नव्हते. टेबलावर एका टोकाच्या कानांखाली पट्टी सपाट बसत होती, दुसऱ्या टोकाला एक कान बोटभर वर. सरकत्या जोडाचे १६ दाते, एक दात चुकला की साडेबावीस अंश. नवीन क्रॉस ठोकताना जोड सुटला होता आणि परत बसवताना एक दात पुढे गेला होता. सत्तरची थरथर पंचावन्नला का आली, ते इथे कळलं.

क्रॉस जॉइंट कोनात फिरताना सरळ गती देत नाही. एका फेरीत दोनदा पुढच्या भागाला पळवतो आणि दोनदा अडखळवतो. १३ अंशांच्या कोनाला ही घट-वाढ जवळपास २.६ टक्के असते. दुसऱ्या टोकाचा जॉइंट तेवढीच उलटी घट-वाढ करून हिशेब मिटवतो, म्हणून शाफ्टला दोन जॉइंट असले तरी गाडी शांत चालते. पण हिशेब मिटायला दोन अटी: दोन्हीकडचे कान एका रेषेत, आणि दोन्ही जॉइंटचे कोन सारखे. नवे, महागाचे, उत्तम कंपनीचे क्रॉस घातलेत आणि दात चुकलात तर जुने झिजलेले क्रॉस बरे होते म्हणायची वेळ येते.

काही शाफ्टवर कारखान्यातूनच बाणाच्या खुणा असतात, दोन बाण समोरासमोर आणायचे. आमच्या भागात त्या खुणा दोन पावसाळ्यांत गंजाखाली जातात. म्हणून रंगाची रेघ.

जुने क्रॉस मिस्त्रींनी पत्र्याच्या डब्यात ठेवले होते, ते मागून घेतले. चारही खुंट्यांवर सुयांच्या बारीक खाचा, शेजारी शेजारी, कंगव्यासारख्या, आणि कपात ग्रीसऐवजी तांबडी पूड. हे फिरून झिजणं नव्हे, न फिरता झिजणं आहे. वर्षातले सात-आठ महिने हब फ्री, शाफ्ट एका जागी उभा, त्याच सुया त्याच जागी टेकलेल्या, गाडीचा बारीक हादरा त्यांना तिथल्या तिथे घासत राहतो आणि वरून पऱ्याचं पाणी. मागचा शाफ्ट रोज फिरतो म्हणून त्याचे क्रॉस जास्त टिकतात. फोर-व्हील वापरत नाही म्हणून पुढचा भाग नवाच आहे, असं जुनी गाडी विकणारा सांगतो तेव्हा हे आठवा. आता मी उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा हब लॉक करून मातीच्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटर फिरवतो, आणि पऱ्यातून चाकाच्या मध्यापर्यंत पाणी लागलं की घरी येऊन ग्रीस पंप काढतो. चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. सरकत्या जोडाचा निप्पल विसरू नका, तो चिखलात गाडलेला असतो आणि म्हणून सगळेच विसरतात.

दात बरोबर केला. पंचावन्नची थरथर गेली. सत्तरची परत आली, पहिल्या वर्षी होती तशीच.

पाचर

इथे मला मीच केलेलं एक काम आठवलं. पहिल्या पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात पाणंदीतले दगड डिफरन्शियलला लागतात म्हणून मी पुढे एक-एक पाटा वाढवून घेतला होता आणि शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) लांब टाकल्या होत्या. गाडी दोन इंच उंच झाली. तेव्हा मला कोणी थरथरीचं विचारलं असतं तर ‘आपोआप सुरू झाली’ असंच सांगितलं असतं. गाडीचं दुखणं शोधताना ‘याआधी शेवटचं काय काम केलं होतं’ हा प्रश्न मालकाला दोनदा विचारावा. पहिल्यांदा तो ‘काही नाही’ म्हणतो.

कोन मोजायला फोनचं लेव्हल अ‍ॅप पुरतं. गाडी सपाट फरशीवर, चाकांवर उभी, जॅकवर नाही. जॅकवर अ‍ॅक्सल लोंबतो आणि सगळे कोन खोटे येतात. याच कारणाने गाडी चारही घोड्यांवर चढवून गिअर टाकून शाफ्ट फिरताना बघण्याच्या भानगडीत पडू नका: एक तर जीवावरचं, आणि त्यात दिसणारी थरथर लोंबणाऱ्या कोनांचीही असू शकते. मी ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा कल, शाफ्टच्या नळीचा कल आणि पिनियन फ्लँजचा कल असे तीन आकडे घेतले. वरच्या जॉइंटला १३ अंश, खालच्या जॉइंटला ७. म्हणजे वरचा जॉइंट २.६ टक्के घट-वाढ करतो आणि खालचा पाऊण टक्क्याच्या आसपासच परत घेतो. बाकीची केबिनमध्ये घुमते. एक अंशाचा फरक मी सोडून दिला असता, पण हे सहा होते.

माझ्या गाडीत शॅकल लांब केल्यावर अ‍ॅक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो, पिनियनचं नाक (डिफरन्शियलचं शाफ्टला जोडलेलं टोक) वर येतं. ते परत खाली आणायला पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालतात. माझ्याही गाडीत घातली होती, ३ अंशांची. वाकून बघितलं तर पाचरीचं जाड टोक मागे. पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असेल तर नाक खाली आणायला जाड टोक पुढे हवं. पाटा वरून बसत असेल तर उलट. मिस्त्रींच्या हाताखालून रोज जातात त्या पिकअपचे मागचे अ‍ॅक्सल, तिथे पाटा वरून बसतो. हात सवयीने गेला. तीन अंश खाली जायच्या ऐवजी तीन अंश वर, म्हणजे एकूण सहाचा फरक. आकडा तंतोतंत जुळला तेव्हा मला, खरं सांगतो, थरथर जाण्याआधीच समाधान वाटलं.

आणि एक खूण तीन वर्षं माझ्या हातातच होती. पाटे वाढवल्यापासून वळण संपल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नव्हतं, हाताने आणावं लागायचं. सलग अ‍ॅक्सलमध्ये पिनियनचं नाक आणि चाकांचा कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा पुढे-मागे कल) एकाच लोखंडाला जोडलेले असतात. नाक वर गेलं की किंगपिनचं डोकं पुढे झुकतं आणि स्टिअरिंगची परत येण्याची ओढ कमी होते. मी ते ‘जुनी गाडी’ या खात्यावर टाकलं होतं.

पाटा बांधणारे यू बोल्ट सोडले, पाचर फिरवली, सेंटर बोल्ट खाचेत बसला की नाही बोटाने चाचपून पाहिलं, यू बोल्ट नवीन टाकले. जुने एकदा ताणलेले असतात, परत वापरू नयेत. अ‍ॅल्युमिनियमच्या पाचरी स्वस्त मिळतात, पुढच्या अ‍ॅक्सलला त्या नकोत, दाबाने फुटतात. पाचशे किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने परत कसले, एका बाजूचे दोन नट अर्धा फेरा गेले. आता दोन्ही जॉइंटच्या कोनांतला फरक एका अंशाच्या आत आहे, स्टिअरिंग परत येतं, आणि ब्याऐंशीचा सुळका अ‍ॅपवर शोधावा लागतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडी आणखी उंच केली, चार-पाच इंच, तर नाक आणि कॅस्टर दोन्ही सांभाळणं पाचरीच्या आवाक्याबाहेर जातं. तिथे ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा शाफ्ट लावतात, आणि त्याचा नियम वेगळा: वरचा दुहेरी जॉइंट आपला हिशेब आपणच मिटवतो, म्हणून पिनियनचं नाक सरळ शाफ्टकडे रोखलेलं हवं, समांतर नाही. दोन नियमांची खिचडी केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

ज्यांच्या पुढे सलग अ‍ॅक्सल नाही

हल्लीच्या बहुतेक पिकअपना पुढे स्वतंत्र सस्पेंशन असतं. तिथे डिफरन्शियल चासीला बांधलेलं, त्यामुळे प्रोपेलरचे कोन सहसा बिघडत नाहीत. बिघडतात ते चाकांकडे जाणारे अर्धे शाफ्ट. बाहेरचा जॉइंट गेला की स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी काढताना टक-टक-टक येतं, ते सगळ्यांना माहीत असतं. आतला जॉइंट फसवतो. त्यात तीन रोलर खाचांमध्ये सरकतात, खाचा झिजल्या की फोर-व्हीलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबताना गाडी डावी-उजवी डुलल्यासारखी थरथरते आणि पाय काढला की क्षणात गप्प होते. गाडी उंच केली असेल तर कोन वाढून हे लवकर होतं. बूट फाटून आतल्या बाजूला ग्रीसची फवारणी दिसत असेल तर तिथूनच सुरुवात करा.

बऱ्याच नव्या गाड्यांना हातचे हब नसतात. काहींत टू-हायमध्येही अर्धे शाफ्ट कायम फिरतात. काहींत डिफजवळ एकाच बाजूचा शाफ्ट सुटतो-जुळतो. तुमच्या गाडीत टू-हायला पुढचा प्रोपेलर फिरतो का, हे मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर वरची पहिली तपासणी चुकीचं उत्तर देईल.

बेअरिंगचा आवाज यात मिसळतो, म्हणून तेही सांगतो. हब बेअरिंग गेलं की घरघर वेगाबरोबर वाढते आणि वळणावर बदलते. डावीकडे लांब वळण घेताना भार उजव्या चाकावर येतो, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित. शाफ्टची थरथर वळणाला असा प्रतिसाद देत नाही. जिप्सीसारख्या जुन्या सलग अ‍ॅक्सलच्या गाड्यांत खड्डा लागला की पन्नास-साठला स्टिअरिंग अक्षरशः हातातून सुटेल असं थडथडतं, ते किंगपिन बेअरिंगचं ढिलेपण, टाय रॉड आणि कॅस्टरचं प्रकरण आहे. त्यात शाफ्टला दोष देऊ नका.

जे दुखणं नाहीच

पावसात बऱ्याच जणांचा फोन येतो: फोर-हायला टाकली आणि पंपावर वळवताना गाडी धडधड करत अडली. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं लांबचा रस्ता चालतात, शाफ्ट मात्र दोन्ही एकाच वेगाने बांधलेले. चिखलात चाक घसरून हिशेब भागवतं. कोरड्या डांबरावर घसरत नाही, पीळ साठत जातो आणि धक्क्याने सुटतो. गाडी ठीक आहे, रस्ता चुकीचा आहे. लिव्हर टू-हायला निघत नसेल तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या, पीळ सुटतो.

सरळ रस्त्यावरही असं होत असेल तर टायर मोजा. मागे नवे, पुढे झिजलेले, हे आपल्याकडे फार चालतं. नक्षी दहा मिलिमीटर आणि तीन मिलिमीटर असा फरक असेल तर व्यासात १४ मिलिमीटर जातात, माझ्या मापात जवळपास दोन टक्के. किलोमीटरला चाकाच्या सुमारे ४३४ फेऱ्या होतात, म्हणजे दर किलोमीटरला पुढचं चाक आठ फेऱ्या जास्त फिरू बघतं आणि ट्रान्सफर केस त्याला धरून ठेवते.

आणि पावसाच्या तोंडावर गंजापासून वाचवायला चासीला काळं कोटिंग मारून घेता ना? मारणाऱ्याला सांगा, शाफ्टवर फवारा मारू नकोस. शेजारच्या वाडीतल्या एका गाडीचा नवा कोरा शाफ्ट त्या काळ्या थरामुळे तोल हरवून बसला होता. तिथे अ‍ॅपवर सुळका शाफ्टच्या एकेरी आकड्याला आला, माझ्यासारखा दुप्पट नाही. केरोसीन आणि पुट्टीची पाती घेऊन अर्ध्या तासात काम झालं. खरवडताना नळीवर वेल्डिंगने चिकटवलेले छोटे चौकोनी तुकडे दिसतील, ती तोलाची वजनं आहेत, ती मात्र उडवू नका.

या जूनमध्ये हब लॉक केले तेव्हा भाचा नव्हता, त्याला फोन करून सांगितलं. महामार्गावर ऐंशीला गाडी शांत आहे. नव्वदला एक बारीक गुणगुण येते, हब फ्री केले तरी येते, म्हणजे ती जाड नक्षीच्या टायरांची. ती ठेवली आहे.